भागिरथाची पाठराखीण

गुलाबराव माळ्याच्या घरात दोन मुलगे जन्मले आणि दोन्ही दात यायच्या आत गेले, तेव्हा घरानं एकमतानं ठरवलं, की आता मरणाला फसवायचं. मरण म्हणजे जणू मालेगावच्या बाजारातलं भोळं गिऱ्हाईक! वर चार ताजी वांगी रचली, की खालची किडकी त्याला दिसायची नाहीत. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा गुलाबरावांची विधवा आत्या धुरपताबाई बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली आणि रस्त्यापलीकडच्या घरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोट्टीच झाली वो माय, पुन्हा." वर डोळ्यांना पदरही लावला. नाटक छान वठलं.

बाळाची आई पंचफुला हिनं त्याच्या आधीच मळ्यातल्या विहिरीवर साती आसरांपुढं नवस बोलून ठेवला होता. विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते, त्याच त्या पाण्यातल्या आसरा. मुलगा द्या, जगू द्या, पोरगी म्हणून वाढवीन, केसांना कात्री लावणार नाही, आणि मग एक दिवस ते केस तुमच्या पाण्यात सोडीन. हा एक दिवस म्हणजे कधी, ते मात्र ती बोलली नाही. घाईत बोललेल्या नवसाला मुदत राहिली नाही आणि पुढचं सगळं रामायण त्या मुदतीपायीच घडलं.

मुलाचं नाव देवमन ठेवायचं गुलाबरावांच्या मनात होतं, ते त्यांनी मनातच ठेवलं. पाळण्यात नाव पडलं रुख्मिणी. नाक टोचून चांदीची मुरणी घातली, पायात चाळ घातले, आणि घरातल्या जुन्या लुगड्यांची झबली शिवली. थोरली भागिरथा तेव्हा नऊ वर्षांची होती. धुरपताबाईनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, घे, ही तुझी बहीण, आता हिला तूच सांभाळ. मोठी माणसं पोरांना खोटं सांगतात आणि आपण काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी विसरून जातात. पोरं विसरत नाहीत. मुलगा म्हणजे काय, मुलगी म्हणजे काय, हे कळायच्या वयात भागिरथा होतीच की, न्हाऊ तर तीच घालायची. पण घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून एक गोष्ट सांगितली, की नऊ वर्षांच्या पोरीनं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की घरावर? तिनं घरावर ठेवला.

पंचफुला सकाळी मळ्यात, दुपारी मळ्यात, बाजाराच्या दिवशी मालेगावात. रुखमीला घास भरवला भागिरथानं, चालायला शिकवलं भागिरथानं, आणि केस हातात मावायला लागले तसे त्यांची वेणीही तिनंच घातली. पोर मोठी गोड होती. बाजारात भागिरथाच्या शेजारी फारीवर, म्हणजे भाजी मांडायच्या गोणपाटावर, बसून भेंड्या एका लांबीच्या निवडायची, गिऱ्हाईक आलं की 'घ्या वो मावशी, कवळी हाये' म्हणून लाडिक हाक द्यायची. बायका वांग्यांपेक्षा तिच्याकडंच जास्त बघायच्या. दसऱ्यानंतर भुलाबाई बसली, की आळीतल्या पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरायच्या, आणि त्या सगळ्यांत रुखमीचा गळा वरचढ. खिरापत ओळखण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डबा नुसता हलवला की आत खोबरं आहे की शेंगदाणे, हे ती सांगायची.

पाच वर्षांची असताना एकदा ती विहिरीजवळच्या दगडावर आंघोळीला बसली होती. शेजारच्या सुंदरबाईची पोरगीही तिथंच न्हात होती. रुखमीनं तिच्याकडं पाहिलं, स्वतःकडं पाहिलं, आणि भागिरथाला विचारलं, की मी हिच्यासारखी का नाही? भागिरथाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. खरं सांगावं, तर आईनं बजावलं होतं, विहिरीजवळ 'मुलगा' हा शब्दही काढायचा नाही, आसरा ऐकतात, नवस मोडेल. भागिरथानं इकडंतिकडं बघितलं आणि जे सुचलं ते सांगून टाकलं, की नवसाच्या पोरी अशाच असतात. रुखमीला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलंच. आपण साध्या नाही, नवसाच्या आहोत, असं ती त्या दिवसापासून ज्याला त्याला सांगत सुटली.

आळीतल्या बायका ते ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. गुलाबराव मात्र हसेनासे झाले होते. दर वर्षी ते म्हणायचे, पोरगं मोठं झालं, आता फेडून टाक तो नवस, शाळेत घालायचंय त्याला. आणि दर वर्षी पंचफुला म्हणायची, यंदा राहू द्या. एका वर्षी गावात गोवर होता, दुसऱ्या वर्षी तिला वाईट स्वप्न पडलं होतं, तिसऱ्या वर्षी काहीच नव्हतं तर काहीच नाही म्हणून तिला भीती वाटली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे खरं. पण पंचफुला आठ वर्षं नुसती फुंकतच बसली, घोट काही घेतला नाही.

तोवर भागिरथा लग्नाला आली.

पहिलं स्थळ आलं आसेगावचं. पाहुण्यांनी पोरगी पाहिली, रंग विचारला नाही, उंची विचारली नाही, विचारलं ते एवढंच, की पोरीला भाऊ किती. गुलाबराव छाती काढून म्हणाले, एक आहे, देवमन. पाहुणे म्हणाले, बोलवा. तेवढ्यात रुखमी परकर सावरत, चाळ वाजवत पाण्याचा गडू घेऊन बाहेर आली. गुलाबरावांनी नवसाची सगळी हकिगत सांगितली. पाहुण्यांनी मान डोलावली, चहा अर्धा ठेवला, आणि कळवतो म्हणून गेले ते गेलेच. दुसऱ्या स्थळानं तर चहाही घेतला नाही. आधीच कानावर आलं होतं त्यांच्या. मालेगावच्या बाजारात मिरचीपेक्षा बातमी लवकर खपते. गुलाबरावाचा पोरगा पोरगा नाही आणि पोरगीही नाही, असं बोललं जाऊ लागलं, आणि त्यापुढं जे बोललं जायचं ते बायका हळू आवाजात बोलायच्या. त्या घरची पोरगी केली तर तिच्या पोटी काय निघेल, असंही कोणी म्हणालं. ते भागिरथाला सुंदरबाईनं मुद्दाम येऊन सांगितलं. भागिरथा त्या दिवशी जेवली नाही, आणि रुखमी तिच्यासाठी भाकरीला तेल-तिखट लावून घेऊन आली, तर तिनं पहिल्यांदाच तिला झिडकारलं.

भागिरथाचं म्हणणं साधं होतं. तिला लग्न करायचं होतं. सतराव्या वर्षी कोणाला नसतं करायचं? बरोबरीच्या सगळ्या पोरी सासरी गेल्या होत्या, आणि ती अजून फारीवर भेंड्या निवडत होती.

तिसरं स्थळ आलं किन्हीराजाचं. दौलतराव म्हणून चांगला वीस एकरांचा धनी, मुलगा पंजाबराव दिसायला नीटस, बोलायला मोकळा. दौलतरावांची बायको हौसाबाई ही मोठी खमकी बाई. नाटक-तमाशा तिला आवडत नव्हता, आणि लपवाछपवी त्याहून नाही. रुखमीला तिनं समोर बसवून घेतलं, मुरणीपासून चाळांपर्यंत न्याहाळलं, आणि गुलाबरावांना सांगितलं:

"पोरगी पसंत हाय मले. पन तिचा भाऊ मांडवात भावासारखा दिसला पायजे. कान त्यानंच पिळावा. चुलत-मावस उभा केला, तर आमी अक्षता न टाकता वापस जाऊ."

कान पिळायची रीत सगळ्यांकडं असते. लग्न लागताना नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट नांदव म्हणून बजावतो, आणि त्याबद्दल मानाचा टॉवेल-टोपी घेतो. दोन मिनिटांचा खेळ, पण त्यासाठी भाऊ लागतो. आणि नवरीच्या बहिणीचा मान वेगळा. ती करवली. दिवा घेऊन नवरीमागं ती उभी राहते, आणि पाठवणीच्या वेळी पाठराखीण म्हणून नवरीच्या दमणीत, म्हणजे बैलगाडीत, बसून सासरी जाते, म्हणजे नव्या घरात पहिले चार दिवस नवरीला आपलं एक माणूस असतं. रुखमीनं सुंदरबाईच्या घरचं लग्न पाहिलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच होतं. वेणी घालून घेताना रोज एकदा तरी ती विचारायची, की बाई, तुझ्या दमणीत मीच बसीन ना? आणि भागिरथा म्हणायची, तूच, दुसरं कोण आहे मला?

आता दोन मान होते आणि लेकरू एकच. भागिरथाला करवलीशिवाय लग्न करता येत होतं. भावाशिवाय नव्हतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात न्हावी बोलावला. पंचफुलानं आसरांपुढं नारळ फोडला, दहीभात ठेवला, आणि रुखमीला पुढं केलं. रुखमीनं वस्तरा पाहिला आणि ती जी पळाली, ती बांधावरच्या पेरूच्या झाडावर शेंड्यापर्यंत चढली. न्हावी खाली वस्तरा पालथा ठेवून विडी ओढत बसला. पंचफुलानं रडून बोलावलं, धुरपताबाईनं गुळाचं आमिष दाखवलं, गुलाबरावांनी हिरवी काठी तोडून आणली आणि झाडाला घाव घातल्यासारखी आपटली. जितकं जास्त बोलावलं तितकी ती वर सरकत गेली. शेवटची फांदी बारीक होती. पंचफुलानं डोळे मिटून घेतले आणि ती म्हणाली, भागिरथे, तू बोलाव, तुझंच ऐकेल ती.

सगळे बाजूला झाले. भागिरथा झाडाखाली आली.

"उतर, रुखमे."

"तो माही वेनी कापून राह्यला, बाई."

"केस येतात वापस."

"मले पोट्टा करून राह्यले हे सारे. मी पोट्टा नाही. तूच सांगतलं होतं, नवसाच्या पोरी अशाच रायतात."

भागिरथानं वर पाहिलं. पानांतून फक्त तळपाय दिसत होते, चाळ घातलेले. मी तुला खोटं सांगितलं होतं, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तेव्हा ते सांगितलं असतं तर पोर पडली असती की उतरली असती, देव जाणे. पण तिनं ते सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं आसेगावच्या पाहुण्यांचा अर्धा चहा होता.

"हाव, सांगतलं होतं," ती म्हणाली. "तू पोट्टीच हायेस. पन एका दिवसाचं सोंग कर माह्यासाठी. कान पिळून दे. मंग मी दमणीत बसली, की तूही परकर घालून ये न बस. पाठराखीन तूच."

"परकर घालून?"

"परकर घालून."

"माही आन घे."

रुखमी उतरली, आणि भागिरथानं तिच्या डोक्यावर हात ठेवून आण घेतली. ती फसवत नव्हती. त्या वेळी तिला खरंच वाटलं होतं, की एवढं तर होईल, चार दिवस किन्हीराजाला नेलं तर कोण काय म्हणणार आहे? माणूस अडला की त्याला सगळंच सोपं वाटतं. रुखमी न्हाव्यापुढं मांडी घालून बसली, भागिरथाचा हात घट्ट धरून. केस विहिरीत सोडले, मुरणी काढली, नाकाच्या भोकात हळद भरली. गुलाबरावांनी पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि 'देवमन, देवमन' म्हणत साऱ्या मळ्याभोवती फिरवलं. पंचफुलानं मात्र त्या बोडक्या डोक्याकडं पाहिलं आणि ती घरात जाऊन झोपली. तिची पोर तर जगलीच होती. तिला आणखी काय हवं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

लग्नाच्या दिवशी खाकी चड्डी, पांढरा सदरा आणि डोक्यावर टोपी घालून देवमन मांडवात आला. भागिरथा पाटावर मान खाली घालून बसली होती, पण तिचा जीव सगळा त्याच्याकडं होता. पोरानं काय सोंग वठवलं म्हणता! वडिलांसारखे हात मागं बांधून तो चालत आला, खाकरला, आणि पंजाबरावाचा कान असा पिळला, की त्या बापड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा मांडव हसला. हौसाबाईसुद्धा हसली. दौलतरावांनी टॉवेल-टोपी दिली, वर नारळ दिला. गुलाबरावांना इतका आनंद झाला, की ते वाजंत्र्यांना पुन्हा वाजवायला सांगू लागले. आणि त्या सगळ्या गर्दीतून त्या पोरानं भागिरथाकडं पाहून एक डोळा मिचकावला. आपल्या दोघींचं गुपित, कसं फसवलं सगळ्यांना, असं त्यात होतं. भागिरथाला हसू आलं. आठवड्याभरात पहिल्यांदाच तिचं मन हलकं झालं.

पंगती उठल्या, ऊन कललं, दमणी मांडवापुढं येऊन उभी राहिली. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले होते. रडारड झाली. भागिरथा दमणीत चढून बसली, पंजाबराव पुढं बसला. हौसाबाईनं विचारलं, पाठराखीण कोण येतंय? धुरपताबाईनं गाठोडं आधीच बांधलं होतं, ती पुढं सरकली. तेवढ्यात घरातून चाळ वाजले.

रुखमी आली. हिरवा परकर, वर पोलकं, हातात आदल्या जत्रेतल्या लाल बांगड्या, आणि बोडकं डोकं झाकायला पंचफुलाच्या लुगड्याचा तुकडा. काखेत स्वतःचं छोटं गाठोडं. कोणाकडं न बघता ती सरळ दमणीला लागली, चाकावर पाय देऊन वर चढली, आणि भागिरथाला खेटून बसली. भागिरथाचा हात तिनं हातात घेतला. मग वऱ्हाडातला कोणीतरी खो खो हसला आणि ती हसण्याची लाट मांडवभर गेली. पोरं टाळ्या वाजवू लागली. कशा टाळ्या वाजवत होती, ते इथं सांगायला नको. गुलाबरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

हौसाबाई दमणीजवळ आली. ती ओरडली नाही. सुनेच्या तोंडाकडं बघत तिनं शांतपणे विचारलं:

"हे काय हाय, सूनबाई? भाऊ हाय का बहीन?"

भागिरथाच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं होतं. लग्न लागलं होतं, आता ते कोणी काढून घेणार नव्हतं. पण हे आपण आज म्हणतो. त्या घडीला तिला आठवलं ते सुंदरबाईनं सांगितलेलं, त्या घरच्या पोरीच्या पोटी काय निघेल ते. तिनं सगळ्या हसणाऱ्या तोंडांकडं पाहिलं. फक्त आपल्या शेजारच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

"भाऊ हाय माहा," ती म्हणाली. "लहान हाय, सोंग करून राह्यला. उतरवा त्याले."

उतरवायची वेळच आली नाही. भागिरथाच्या हातातला तो लहान हात आपोआप सैल झाला. रुखमीनं गाठोडं उचललं, चाकावर पाय ठेवला, आणि ती खाली उतरली. गुलाबरावांनी दंड धरून तिला घरात नेलं, आणि आतून झापडीचा आवाज आला, एक, आणि मग आणखी. धुरपताबाई कण्हत-कुथत दमणीत चढली. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ते असंच. बैल निघाले. किन्हीराजा येईपर्यंत धुरपताबाई लग्नातली बुंदी पदरातून काढून खात होती, आणि भागिरथाला विचारत होती, की तू काहून रडून राह्यली, चांगलं तर झालं सगळं.

सासर वाईट निघालं नाही. वाईट निघालं असतं, तर भागिरथाला निदान कोणाला तरी बोल लावता आला असता. हौसाबाई तोंडानं फटकळ, पण हाताची सढळ होती. आणि पंजाबराव तर भलताच चांगला. चार-सहा दिवसांनी तो सहज कान चोळत हसला आणि म्हणाला, तुझ्या भावानं अजून दुखवून ठेवलाय. मग म्हणाला, त्या दिवशी त्याला येऊ द्यायचं होतंस बरोबर. परकर घालून आला असता तर काय बिघडत होतं? पोट्टंच तर होतं, चार दिवस खेळलं असतं आणि गेलं असतं. आईनं तर नुसतं विचारलं होतं.

भागिरथा चुलीपुढं बसली होती. भाकरी करपली, तेव्हा हौसाबाई ओरडली, आणि त्या ओरडण्याचं तिला बरंच वाटलं.

दिवाळीला पंजाबराव तिला घेऊन मालेगावला आला. वाटेत ती सारखी ठरवत होती, काय काय सांगायचं ते. रुखमीला मांडीवर घ्यायचं, पाया पडायचं सुद्धा, आपण वयानं मोठ्या म्हणून काय झालं. माफी मागायचं तिला ठाऊक नव्हतं, घरात कोणी कधी कोणाची मागितली नव्हती, पण ती कशी का होईना मागायची, असं तिनं पक्कं केलं होतं.

दारात देवमन उभा होता. केस चांगले बोटभर वाढले होते आणि भांग पाडून चापून बसवले होते. त्यानं भागिरथाच्या हातातली पिशवी घेतली आणि मेव्हण्याच्या पाया पडला. गुलाबराव पोराबद्दल किती बोलू आणि किती नको, असं करत होते. शाळेत घातलं, पाढे पाठ आहेत, पोरांशी मारामारी करतो, परवा एकाचं डोकं फोडलं. डोकं फोडल्याचं तर त्यांनी दोनदा सांगितलं. पंचफुला मध्येच म्हणाली, की यंदा भुलाबाईच्या पोरी दाराशी आल्या, तर यानं त्यांच्या डब्याला लाथ मारली. तिनं ते तक्रारीसारखं सांगितलं, आणि गुलाबराव ते ऐकून मोठ्यानं हसले. एका घरात एकच गोष्ट दोघांना अशी वेगवेगळी ऐकू येत होती.

भाऊबीजेला तो पाटावर बसला. भागिरथानं टिळा लावला, ओवाळलं. त्यानं बापानं दिलेली ओवाळणी तबकात टाकली, वाकून नमस्कार केला आणि उठून गेला. एवढ्या वेळात त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे रागानं टाळलं, असं नाही. पाहुण्या बाईकडं पोरं जशी बघत नाहीत, तसं.

दुपारी तो मळ्यात वांग्यांना पाणी देत होता. भागिरथा तिथं गेली आणि बांधावर बसली. उघडे पाय, वर खोचलेली चड्डी, हातात कुदळी. एक वाफा भरला की तो माती ओढून त्याचं बारं, म्हणजे पाणी आत घ्यायचं तोंड, बंद करत होता आणि दुसरं फोडत होता. काम शिकलेलं दिसत होतं. भागिरथानं मागं वळून कोणी नाही ना पाहिलं, आणि इतक्या दिवसांनी ती हाक मारली.

"रुखमे."

कुदळी थांबली नाही.

"रुखमे, इकडं पाय माह्याकडं. मी चुकली."

तेव्हा तो थांबला. त्यानं आधी बांधाकडं पाहिलं, मग विहिरीकडं, मग पेरूच्या झाडाकडं, जणू ती कोणाला हाक मारतेय तेच शोधत होता. मग त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. रुसवा असता, तर भागिरथानं तो काढला असता. आयुष्यभर तेच तर केलं होतं तिनं.

"रुखमी अथी कुठं हाये, बाई?" तो म्हणाला. "ते तर तुह्यासंगं गेली होती ना, पाठराखीन. वापस आनली नाही काय तिले?"

तो उत्तरासाठी थांबला नाही. वाफा भरून पाणी बाहेर चाललं होतं, म्हणून त्यानं लगबगीनं माती ओढली आणि पुढचं बारं फोडलं.